उचलण्याच्या वेळचं भजन

आमच्या गावात माणूस गेला की दोन फोन आधी होतात. एक लेकींना, दुसरा आमच्या यांना. लेकी पोचायच्या आधी हे पोचतात. खंजिरी खुंटीला असते, टोपी खिशात असते, आणि पायात चप्पल असली तर असली. पुढ्यातलं ताट तसंच टाकून उठायची सवय लग्नाच्या आधीपासूनची असणार, कारण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ती पाहिली. नव्या नवरीच्या हातची भाजी कशी झाली हे सांगायला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उगवला, तोही आंघोळ करून थेट अंथरुणात शिरायला.

आमचं गाव तिगाव स्टेशनपासून थोडं आत. थोडी संत्र्याची बाग, थोडा कापूस. मी मूळची सौंसरची, मास्तरांची मुलगी, आणि पुढे स्वतःही गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवत राहिले. यांचं भजन मंडळ आहे. मंडळ म्हणजे काही शेतकरी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन आणि एक टेलर. हे पुढे म्हणतात, टेलरभाऊ मागून झील धरतात, बाकीचे टाळ आणि मृदंग सांभाळतात. सप्ताहात गातात, हनुमान जयंतीला जामसांवलीला जाऊन गातात, पण मंडळाला खरी मागणी मयताला. माझी यावर कायमची कुरकुर. "जित्या मानसाच्या कार्यक्रमात गा नं कधी," मी म्हणायची. हे म्हणायचे, "जित्यायले डीजे लागते."

आमच्याकडची रीत अशी की नातेवाईक जमेपर्यंत देह ओसरीवर असतो आणि अंगणात ताडपत्रीवर मंडळ बसलेलं असतं. तोवर काय म्हणायचं ते मंडळाच्या मर्जीवर. पण तिरडी उचलायच्या वेळचं भजन ठरलेलं आहे. यांचे गुरू, गावातलेच एक जुने भजनी, त्यांनी ते बांधलेलं. जाणारा माणूस त्यात दाराचा, विहिरीचा, गोठ्यातल्या बैलांचा असा एकेकाचा निरोप घेतो. एरवी ते कोणी म्हणत नाही. हे घरात गुणगुणायला लागले तर मी लाटणं घेऊन बाहेर यायची. यांनी टेलरभाऊंना बजावून ठेवलं होतं, तेही माझ्यादेखत, चहा पिता पिता: "माह्या वेळेस हे तू म्हनजो. वरच्या पट्टीत म्हनजो. अन् रडजो नोको, सूर जाते." टेलरभाऊंनी मान डोलावली होती, जसं काही कोणी सदरा शिवायला सांगत होतं.

मागच्या पावसाळ्यात, श्रावण सरत आला होता तेव्हाची गोष्ट. झाडांना फळं होती, रानडुकरांचा त्रास होता, म्हणून हे बागेतल्या खोलीत जागलीला जात. खाट होती, पण खाटेवर पाठ दुखते म्हणून सतरंजी टाकून खालीच झोपत. एका सकाळी घरी आले ते पोट दुखतं म्हणत आले. मी ओवा दिला. मग पाहिलं तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

"झोप नाही झाली का?" मी विचारलं.

"झाली नं. डोये उघडूनच नाही राहिले," हे म्हणाले, आणि 'राहिले' म्हणताना जीभ जड झाली.

मुलगा घरीच होता. शेजारचे एक काका म्हणाले, आधी जामसांवलीला नेऊ, मारुतीच्या पायाशी ठेवू. मुलगा म्हणाला, "मारुतीले मी मंग भेटतो." त्याने यांना मोटारसायकलवर मधे बसवलं, मागे पुतण्याला धरायला घेतलं आणि सरळ पांढुर्णा गाठलं. मी मागून ऑटोने पोचेपर्यंत यांच्या नाकातोंडात नळ्या गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं की ही मण्यार आहे. मण्यार चावते ते झोपेत कळत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. विष सगळ्या अंगाचे स्नायू धरून ठेवतं, छातीचेसुद्धा, म्हणून श्वास मशीनवर दिला आहे. इंजेक्शनं दिली आहेत. आता विष उतरेपर्यंत मशीनने श्वास घ्यायचा आणि आपण वाट पाहायची. "उतरेल ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेकांचं उतरतं. मला त्यातला 'बहुतेक' एवढाच शब्द ऐकू आला आणि दिवसभर तोच ऐकू येत राहिला.

आत एकावेळी एकाच माणसाला सोडत, तेही थोडा वेळ. चप्पल बाहेर, तोंडाला मास्क, अंगावर हिरवा झगा. हे पाठीवर सरळ पडलेले, गळ्यापर्यंत पांढरी चादर. पापण्या आपोआप मिटलेल्या आणि वर ओल्या कापसाच्या घड्या, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. बोट हलत नव्हतं. मी हात हातात घेतला तर तो गरम होता, एवढंच काय ते बरं वाटण्यासारखं. बाकी सगळं काम मशीन करत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुलाला बोलावलं. "इनको सुनाई सब देता है," त्या म्हणाल्या. "होश पूरा है. बस बता नहीं सकते." मण्यारीच्या रोग्याचं हेच असतं म्हणे. डोकं जागं, कान उघडे, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही. झोपेचं औषध थोडं दिलेलं असतं, पण फार देत नाहीत. मग माणूस आत घाबरतो, नाडी धावते, बीपी चढतं. त्या शिकत होत्या तिथे अतिदक्षता विभागात रोग्यांना गाणी ऐकवत, आणि इथे आल्यावर त्यांनीही ते सुरू केलं होतं. दिवसातून दोनदा, हेडफोनवर, रोग्याच्या ओळखीचं आणि आवडीचं काहीतरी, संथ चालीचं. पलीकडच्या खाटेवर दम्याच्या एक आजी होत्या, त्यांना रेडिओवरची जुनी गाणी लावत. "इनको क्या पसंद है?" त्यांनी विचारलं.

मुलाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. यांना काय आवडतं हे सांगायला विचार कशाला लागतो? बाहेर झाडाखाली अख्खं मंडळ बसलेलं होतं. पहिल्या दिवसापासून कोणी ना कोणी होतंच.

मंडळाला आपल्यालाही काही करता येईल हे कळल्यावर जो उत्साह आला, तो मी विसरणार नाही. नुसतं बसून बसून बिचारी माणसं हैराण झाली होती. त्या संध्याकाळी ती गावात परतली, मारुतीच्या देवळात बसली, पंखा बंद केला, दारातली कुत्री हाकलली, आणि मुलाच्या मोबाइलवर यांच्यासाठी खास भजन भरलं. कोणतं म्हणायचं यावर वाद झालाच नाही म्हणे. भाऊंचं, म्हणजे यांचं, सगळ्यात लाडकं कोणतं? सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं. टेलरभाऊ आधी दोन शब्द बोलणार होते, "भाऊ, लवकर बरे व्हा" असे काहीतरी. पण त्यांनी नुसतं नाक ओढलं, शेजारच्या गँगमनकाकांना हुंदका आला, मग बोलणं राहिलं आणि एकदम भजनच सुरू झालं. मुलाने सकाळी मोबाइल माझ्याकडे दिला, मी तो सिस्टरकडे दिला. सिस्टरने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हेडफोन स्पिरिटने पुसले. ऐकून कोणीच पाहिलं नाही. मी तरी कशाला ऐकू? तीस-पस्तीस वर्षं न ऐकण्याची खटपट करण्यात गेली होती.

त्या सकाळी यांचं बीपी वर चढलं आणि वरच राहिलं. नाडी मशीनच्या पडद्यावर पळायला लागली. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, हृदयाचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला. गाण्याचा आणि याचा संबंध कोणाच्या मनात यावा? गाणं तर शांत करायला लावलेलं. दुपारी त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, विषाचा परिणाम हृदयावर होत असावा. इथे थांबणं बरोबर नाही, नागपूरला हलवावं. आणि हलवायचं तर आजच. उद्या पोळा, परवा गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, जाम नदीकडचे रस्ते बंद होतात आणि पोलीस कोणालाही अडवतात.

"रस्त्यात?" मुलाने विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. गाडीत एवढं चांगलं मशीन नसेल, वेळ पडली तर हाताने पिशवी दाबत श्वास द्यावा लागेल, आणि बीपी एवढं असताना धोका आहे. इथेही धोका आहे, तिथेही आहे. तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा. मुलगा गाडीवाल्याशी बोलायला बाहेर गेला. मी म्हटलं, मी एकदा आत जाऊन येते. खरं सांगायचं तर मी निरोप घ्यायलाच निघाले होते. गाडीत काही झालं तर त्याआधी एकदा हात धरायचा होता.

मी आत गेले तेव्हा दुपारच्या गाण्याची वेळ झाली होती. सिस्टर सौंसरकडचीच पोर, लग्न होऊन पांढुर्ण्याला आलेली. तिने यांच्या कानांवर हेडफोन चढवले, मोबाइलवर बोट टेकवलं आणि पलीकडच्या आजींचं सलाइन पाहायला गेली. मी पायथ्याशी उभी होते. खोलीत मशीनचा आवाज, आणि हेडफोनमधून बारीक झिरपणारा आवाज. आधी कोणीतरी नाक ओढल्याचा. मग पुरुषाचा हुंदका. मग टाळ. मग टेलरभाऊ, वरच्या पट्टीत.

ते भजन ओळखायला मला पहिली ओळही लागली नाही.

मी पायथ्याशी उभी होते आणि माझ्यासमोर आमचा माणूस पांढरी चादर घेऊन उताणा पडला होता, डोळ्यांवर कापूस, पायाची बोटं वर. हलता येत नाही, बोलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. कानात माणसं रडताहेत. आणि टेलरभाऊ ते भजन म्हणताहेत, जे यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळेस तू म्हण. टेलरभाऊंनी शब्द पाळला होता. आता या माणसाने काय समजायचं? पडद्यावरचे आकडे चढायला लागले, आणि डाव्या डोळ्यावरच्या कापसाखालून पाणी निघून कानाकडे वाहिलं.

मी हेडफोन ओढून काढले.

"काकू! हात नका लावू!" सिस्टर धावत आली.

"हे मयताचं भजन होय, बाई," मी म्हटलं. "तिरडी उचलताना म्हणतात. यायले वाटून राहिलं, आपन मेलो."

तिने मोबाइल कानाला लावून ऐकलं आणि तिचा चेहराच पडला. तिच्या माहेरीही मयताला भजन असतंच. "अवं माय," ती एवढंच म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला वळली. मी यांच्या कानाशी वाकले.

"अहो, तुम्ही गेले नाही," मी म्हटलं. "आयकता का? तुम्ही गेले नाही. दवाखान्यात आहात, पांढुर्ण्याले. मण्यार चावली. मी इथंच हावो."

आकडे उतरले नाहीत. उलट चढले. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू आला. रडवेला, कानाशी वाकलेला. मी आजवर जितक्या मयतांना बायकांमध्ये बसले, तितक्या ठिकाणी बायको नवऱ्याच्या कानाशी वाकून हेच म्हणत असते. तुम्ही गेले नाही, उठा हो, माझ्याशी बोला हो. हे तर यांनी आयुष्यभर ताडपत्रीवर बसून ऐकलेलं. म्हणजे मी पुरावाच देत होते. भजन झालं होतं, आता बायको रडत होती, राहिलं काय?

मला इतका राग आला. सापाचा, मंडळाचा, खाटेवर न झोपणाऱ्या या माणसाचा, आणि कोणाचा कोणाचा. मी डोळे पुसले आणि विचार करायला लागले की मयतात काय कधीच होत नाही. देवाचं नाव होतं. रडणं होतं. बोलणं होतं, गेलेल्याचं कौतुक तर भरभरून होतं. मग माझ्या तोंडून जे आलं ते भुलाबाईचं गाणं होतं.

आमच्या सौंसरला भादव्याच्या पौर्णिमेपासून भुलाबाई बसायची. आम्ही पोरी संध्याकाळी घरोघर फिरून गाणी म्हणायचो, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असायचा. सगळी गाणी सासू-सुनांची आणि माहेराला जाण्याच्या कटकटीची. लग्नानंतर मी काम करताना तीच म्हणत आले, दुसरं मला येतं काय? यांचं त्यावर म्हणणं असे की सगळ्या गाण्यांना एकच चाल आहे आणि तीही मला नीट येत नाही. माझा ताल सुटतो. ओळ संपली की मी दम घेते आणि टाळी अर्धी मागे पडते. हे जेवताना ताटावर बोट आपटून मला ताल दाखवायचे, आणि मी मुद्दाम आणखी मागे पडायची.

तर मी आयसीयूत उभी राहून, मास्क खाली ओढून, खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटाच्या पेराने ताल धरत भुलाबाईचं गाणं म्हटलं. घसा बसलेला होता. पहिलं गाणं संपल्यावर दुसरं धरलं. पलीकडच्या खाटेवरच्या दम्याच्या आजी मान वळवून बघायला लागल्या. सिस्टर डॉक्टरीणबाईंना घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काकू," ती हलक्या आवाजात म्हणाली, "भुलाबाई बसाले अजून वेळ हाये नं." आणि तिला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला तरी ते मोठ्यानेच आलं. आजीही हसल्या, हसता हसता खोकल्या. मी थांबले नाही. मला वाटलं, हे फार चांगलं झालं, मयतात असं कोणी हसत नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. "रुकिए मत," त्या म्हणाल्या.

नाडी आधी उतरली. बीपीला वेळ लागला, पण तेही उतरलं. मी तिसऱ्या गाण्यावर होते, त्यातल्या सुनेला माहेरी जायची परवानगी घराण्यातल्या एकेकाकडून घ्यावी लागते, त्यामुळे ते कितीही लांबवता येतं. मी ते लांबवलं. सासरा झाला, सासू झाली, दीर, नणंद, मग मी आमच्या गल्लीतली माणसं घातली. सिस्टरने मधल्या वेळात बाईंना भजनाची गोष्ट हिंदीत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला, मग माझ्या पाठीवर ठेवला. म्हणाल्या, आज हलवायचं नाही. संध्याकाळी पुन्हा पाहू. उद्याही इथेच पाहू.

मी बाहेर जाऊन मुलाला गाडी परत पाठवायला सांगितली. मंडळ झाडाखाली होतंच. त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं, पण सांगितलं. लाडकं म्हणून धरताना ते कोणत्या वेळचं आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेलरभाऊ उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती, आलीही, पण नंतर. त्या वेळी मी म्हटलं, "तुमच्या प्रेमानं मारलं असतं त्यायले," आणि पाणी प्यायला निघून गेले.

पोळ्याच्या दिवशी मी दोनदा गायले. गोटमारीच्या दिवशी दवाखान्यात खाली एवढी गर्दी की जिन्यावरून वर यायला जागा नव्हती, तरी गायले. आजींच्या मुलाने विचारलं, आईच्या खाटेजवळ उभं राहून म्हणाल का, तिला बरं वाटतं. मी म्हटलं, इथून म्हटलं तरी ऐकू जातं. हे अजून तसेच पडलेले होते. बीपी ठीक होतं, पण बोट हलत नव्हतं, आणि श्वास मशीनचाच होता. शांत असणं आणि बरं होणं यात फरक आहे हे मला कळत होतं. प्रत्येक गाण्यानंतर मी हाताकडे बघायची. काही नाही.

त्यानंतर एका सकाळी मी ते लांबवायचं गाणं म्हणत होते. ओळ संपली, मी दम घेतला, आणि माझी टाळी नेहमीसारखी मागे पडली. चादरीवर यांची तर्जनी हलली. किंचित, कापड हललं असावं एवढीच. मी पुढची ओळ म्हटली. पुन्हा दम घेतला. बोट पुन्हा हललं, माझ्या टाळीच्या आधी, जिथे टाळी पडायला हवी होती बरोबर तिथे. मी मुद्दाम आणखी उशीर केला. बोटाने वाट पाहिली नाही.

मी सिस्टरला हाक मारायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. यावेळी मनसोक्त रडले. ती धावत आली, तिला वाटलं काही विपरीत झालं. मी नुसतं बोटाकडे दाखवत राहिले.

मग एकेक परत आलं. पापण्या, मान, खांदे. हात हलायला लागल्यावर नळी ओढू नये म्हणून ते कठड्याला बांधले, ते मला मुळीच आवडलं नाही. डॉक्टरीणबाई मशीन थोडं थोडं कमी करत गेल्या आणि शेवटी नळी काढली. नळी निघाल्यावर हे खूप खोकले. आवाज पार घोगरा, जवळ गेल्याशिवाय कळत नव्हता. मी कान नेला. तोंडातून पहिलं वाक्य आलं ते असं: "किती... ताल सोडून राहिली तू."

"सोडला तं सोडला," मी म्हटलं. "अजून कायी?"

बाकीचं घरी आल्यावर हळूहळू सांगितलं. पहिल्यांदा टेलरभाऊंचा आवाज आला तेव्हा यांना वाटलं की झालं. वाईट कशाचं वाटलं, तर कोणी पाणी पाजलं का ते आठवेना. मग तिरडी उचलल्यासारखं वाटेना, म्हणून म्हणे भीती वाटायला लागली की हे लोक मला उचलून नेतील आणि मी सगळं ऐकत असेन. "अन् सांगता येनार नाही," हे म्हणाले. "मंग तू भुलाबाई धरली. मनात म्हटलं, मयतात हे कोन म्हनते? हे तं घरच होय."

टेलरभाऊ येऊन पाया पडायला वाकले तेव्हा यांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "पट्टी चांगली धरली," म्हणाले. "दुसऱ्या कडव्याले मातर सूर उतरला तुहा." सगळे हसले. टेलरभाऊ हसत होते आणि डोळे पुसत होते. पण त्यानंतर मंडळाला फोन आला की हे म्हणत, तुम्ही जा, माझा घसा अजून बसलेला आहे. घसा तर केव्हाच सुटला होता. गोठ्यात बैलाशी बोलताना मला ऐकू यायचा. आयुष्यभर मयतांना जातात म्हणून बोलले, आता जात नाहीत म्हणून कोणत्या तोंडाने बोलू?

संत्र्याची तोड सुरू होती तेव्हा सावरगावहून फोन आला. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाईंची आई गेली होती, वयाने पिकलेली आजी. मला जायलाच हवं होतं. मी साडी बदलत होते तोवर हे दारात उभे, टोपी घातलेले, हातात खंजिरी. "मीबी येतो," म्हणाले. मुलाने आम्हा दोघांना सोडलं.

ओसरीवर आजींना ठेवलं होतं. अंगणात मंडळ बसलेलं होतं. यांना पाहून टेलरभाऊ पुढची जागा सोडून मागे सरकले. पण हे ताडपत्रीकडे गेले नाहीत. सरळ ओसरीवर चढले, बायकांमधून वाट काढत आजींच्या उशाशी आले, आणि उकिडवे बसले. मी तिथेच बसले होते. यांनी चादरीची कड थोडी बाजूला केली, दोन बोटं नाकाखाली धरली, आणि तशीच धरून ठेवली. मग कानाशी वाकले.

"आजी," यांनी विचारलं, "आयकू येते काय?"

बायकांचं रडणं थांबलं. माझी मैत्रीण माझ्याकडे पाहायला लागली. मी तिचा हात दाबला. हे आजींच्या हाताच्या बोटांकडे बघत होते. अंगणात कोणीतरी टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला, मग तोही नाही.

आता हे प्रत्येक मयताला असंच करतात. लोकांना वाटतं यांच्या गुरूचीच जुनी रीत असावी, दुसऱ्या गावच्या एका मंडळानेही ती सुरू केली म्हणे. यांना घाई केलेली चालत नाही. आजवर दोनदा जावई माणसं रागावली आहेत, उन्हं उतरली म्हणून. हे ऐकत नाहीत. विचारतात, बोटांकडे पाहतात, पुन्हा एकदा विचारतात. आणि उत्तर आलं नाही की मगच अंगणात जाऊन खंजिरी उचलतात.